शिमिटाच्या ओट्यावरचा डाग

जेवणं उरकली की लालासाहेब तात्या अंगणात घोंगडं पसरून बसत. पोरं जवळ सरकली की कंदिलाची वात बारीक करत आणि म्हणत, "ऐकीव न्हाई रं. गोष्ट आमच्या बनुमावशीची हाय. पलूसला घडलेली."

साल सेहेचाळीस. नागपंचमीचा आदला दिवस, भावाच्या उपासाचा. पंचमीला माहेरी आलेली बनुबाई चुना मागायला शेजारच्या रंगुबाईकडं गेली होती. माहेरच्या ओट्यावर तेलकट डाग पडला होता. हा ओटा शिमिटाचा, गल्लीतला पहिला. तिच्या भावानं, बाळासोनं, पलटणीत जायच्या आधी स्वतः थापी मारून केलेला. पुढं बाळासो ब्रह्मदेशात लढाईवर गेला. दोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं.

"चार दिस घासतीयास, अजून निघंना व्हय?" रंगुबाई म्हणाली. "हाताला जोरच न्हाई तुझ्या."

"निघतो की. रोज निघतो, आन् पहाटं परत तिथंच."

"मग तुझा म्हाताराच तेल चोळून हिंडत आसंल!"

बनुबाई हसली नाही. डाग पावलाचा होता. एकच पाऊल, पायरीच्या कडेला, बोटं दाराकडं. राख, विटकरीची भुकटी, धुण्याचा सोडा, सगळं लावून झालं होतं.

घरी तिचे वडील, ज्ञानूबा, वाट बघत होते. "आजच काय ते खरवड. उद्या पंचमी, खणणं-खरवडणं चालत न्हाई. आन् शनिवारी भटजी येत्यात. दर्भाचा पुतळा करून पोराची क्रिया उरकूया."

"आवं आबा, मी त्याचा उपास धरलाय. जित्या भावाचा."

"औंदा धर," म्हातारा म्हणाला. "फुडल्या वर्षी नगं."

सांजेला तिनं डागावर चुन्याचा लगदा थापला, वर ओलं फडकं टाकलं. रात्रभर तेल ओढून घेऊ दे. देवापुढं हात जोडले आणि आडवी झाली. उपाशी पोटी झोप येईना. चवथीची कोर मावळली. दूर चौकीवर बाराचे टोले पडले.

मग... चप्.

ओला पाय टाकल्यासारखं.

ती कंदील घेऊन बाहेर आली. फडकं बाजूला पडलेलं. पहिल्या पावलाच्या पुढं... दुसरं.

तिनं नारळाचा काथ्या उचलला. घाईघाईनं दोन्ही घासली. डाग निघाले. आणि खाली गल्लीत... चप्... चप्... कुणीतरी मागं गेलं. लांब.

थोड्या वेळानं परत आलं. पायरीपाशी थांबलं. पाऊल उमटलं. तिच्या डोळ्यांदेखत. माणूस नाही. सावली नाही.

तिनं घासलं. ते मागं गेलं.

परत आलं.

पुन्हा हात उचलला, तो तिथंच राहिला. चार दिवस... रोज सकाळी... आपणच तर...

"आगं बाई... मीच माघारी लावत हुते..."

काथ्या खाली पडला. ती भिंतीला टेकली.  मग बोलली.

"दादा... ये. पुसत न्हाई."

...

चप्.

एक. दोन. तीन. तिच्या पदराजवळून गार ओल सरकून गेली. उंबऱ्याशी... थांबली.

आतून ज्ञानूबा झोपेतच बोलले, "आलास व्हय?"

मग काही नाही.

इथं तात्या घोंगडं सारखं करत.

"आन् सकाळी?" कुणीतरी हळूच विचारी.

"सकाळी वटा लख्ख. डाग न्हाई, तेल न्हाई. फकस्त उंबऱ्याम्होरं शिमिटात पाऊल रुतलेलं. कैक वर्सांचं घट्ट शिमिट रं, पहार मारली तर ठिणगी उडावी आसं. त्यात वल्या चिखलात रुतावं तसं, पाच बोटांसकट. म्हाताऱ्यानं खाली बसून त्यात हात ठिवला. आन् भटजीला सांगावा धाडला, येऊ नगा, पोरगं घरी आलंय म्हणून. मावशीनं मरस्तवर दर साल भावाचा उपास धरला."

तात्या वात आणखी बारीक करत.

"म्या लय येळा बघितलंय ते. बोटं घराकडं हायती. भाईर जाणारं पाऊल... कवाच उमटलं न्हाई."