बरोबर साठ किलो

मुलगी पहिल्याच दिवशी सापडली. होडी वर काढायला तीन दिवस लागले.

क्रेनने ती उचलून धक्क्यावर आणली. शिडाच्या चिंध्या लोंबत होत्या. सगळीकडे काळा गाळ. बाजूवरचा पाच हा आकडा तेवढा वाचता येत होता.

इन्स्पेक्टरबाई काठापासून चार पावलं मागे उभ्या होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं, पाण्याची भीती वाटायची, आणि हे सांगायला त्यांना लाजही वाटत नसे. शेजारी क्लबचे मिस्त्री उभे होते. शर्यतीच्या आठही होड्यांची डागडुजी तेच करायचे. बुडाली ती त्यांचीच एकोणीस वर्षांची लेक. सगळा क्लब तिला भिंगरी म्हणायचा.

"बाई, झाकणं बघा," मिस्त्री म्हणाले. "आधी झाकणं बघा."

या होडीच्या दोन्ही टोकांना बंद पोकळी असते, तिच्यात फोम ठासलेला असतो. होडी उलटली तरी त्यामुळे ती तरंगत राहते. पोकळीच्या तोंडाला एक कडं, आणि त्या कड्यात बरणीसारखं फिरवून बसवायचं झाकण. शर्यतीच्या सकाळी ती झाकणं मिस्त्रींनी लावली होती. दुपारी होडी उलटली आणि थेट तळाला गेली. भिंगरीचा पाय दोरात अडकला होता. तीही गेली.

आता जो तो म्हणत होता, बापानेच झाकण सैल ठेवलं. लोकांचं सोडा हो, लोकांना काय, तोंड आहे. पण तिची आईही तेच म्हणत होती. तीन दिवस तिने नवऱ्याला घरात घेतलं नव्हतं. मिस्त्री स्वतःच्या दाराबाहेर पायरीवर बसून होते.

बाईंनी शिपायाला खूण केली. त्याने एका हाताने झाकण फिरवून पाहिलं. हलेना. दोन्ही हात लावले, तेव्हा कुठे ते जरासं फिरलं.

"घट्ट आहे," बाई म्हणाल्या.

"खाली दाबाने घट्ट झालं असेल," मिस्त्री पुटपुटले. "सर तसंच म्हणतात."

सर म्हणजे क्लबचे कोच. वीस वर्षं पोरांना शिकवत होते. होड्यांचं मोजमाप आणि वजनही तेच करायचे. ते पुढे आले. डोळे सुजलेले, आवाज मऊ.

"जुना फोम आहे, मॅडम. झाकणातून पाणी शिरलं की स्पंजासारखा पितो. मग होडी कशी तरंगणार? मिस्त्रींना दोष देऊ नका. माणूस आहे, होते चूक."

"आत्ताच उघडून बघू या?"

"निथळू द्या की. उद्या सकाळी सावकाश बघा."

बाई हो म्हणाल्या. चुकलंच त्यांचं, पुढे त्यांनी तसं कबूलही केलं. होडी शेडमध्ये गेली. शेडच्या किल्ल्या दोनच होत्या. मिस्त्रींची किल्ली पहिल्या दिवसापासून बाईंच्या टेबलाच्या खणात पडून होती. दुसरी सरांच्या खिशात.

सकाळी बाईंनी आधी सरांच्या भाच्याला बोलावलं. त्याच्यात आणि भिंगरीतच चुरस होती. निवडीच्या चार शर्यती, जिंकणारा एकच परदेशी जाणार. तीन झाल्या होत्या, दोघांचे गुण सारखे. चौथीत ती गेली.

"कुणाला कोणती होडी, हे कसं ठरतं?"

"पिशवीत नंबरचे बिल्ले असतात. सर पिशवी धरतात, आम्ही एकेक काढतो."

"तू कितवा?"

"शेवटचा. मामांचा नियमच आहे तो. घरचा मुलगा शेवटी, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको."

"या चार वेळा तुला कोणती मिळाली?"

"पाच."

"चारही वेळा?"

"नशीब," तो म्हणाला, पण मान खाली घालून.

"मग त्या दिवशी भिंगरी पाचमध्ये कशी?"

"तिने माझ्याकडे मागितली. सगळ्यांच्या देखत. म्हणाली, आज बदलू या, सगळ्या सारख्याच आहेत ना, सर?"

"सर काय म्हणाले?"

"लगेच काही नाही. मग म्हणाले, घे."

"आणि शर्यतीत?"

"उलटेपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. खूप पुढे." त्याने मान वर केली. "ती एवढी पुढे कधीच नसायची."

बाई शेडमध्ये गेल्या.

आत अंधार होता, ओल्या दोरांचा कुबट वास होता. आठ होड्या रांगेत पालथ्या. सरांनी त्यांच्यावरून हात फिरवला.

"एकाच साच्यातून निघालेल्या, मॅडम. लांबी तीच, शीड तेच, वजन साठ किलो. डोळे मिटून कुठलीही घ्या. जिंकतो तो माणूस, होडी नाही. हाच तर या खेळाचा न्याय."

"पाच उघडा."

शिपायाने झाकण काढलं. पोकळीच्या भिंतींना गाळाचा थर होता. मधे फोम. बाईंनी बोटाने दाबला, बोट पुसून पाहिलं. मग कड्यावर टॉर्च मारला. इतर सात होड्यांच्या कड्यांचे स्क्रू हिरवे पडले होते, वर पाणी अडवणारं जुनं सिलिकॉन साचलेलं. पाचचे स्क्रू चकचकीत होते. डोलकाठीच्या बुडाशी ताज्या पुट्टीने बुजवलेली चार भोकंही दिसली.

"वजन करा," त्या म्हणाल्या.

होडी काट्याला टांगली. काटा थरथरला आणि थांबला. साठ. तसूभरही इकडेतिकडे नाही.

"बघा!" सर म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

"आता बाकीच्या सात."

"कशाला उगीच?"

"माझं समाधान."

एकसष्ट. साडेएकसष्ट. एकसष्टला पाव कमी. बासष्ट. एकही साठ नव्हती. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि दुपारी तिघांना शिडांच्या खोलीत बोलावलं: सर, भाचा आणि मिस्त्री. शिपाई दाराशी उभा राहिला.

"मला होडीतलं ओ की ठो कळत नाही," बाईंनी सुरुवात केली. "म्हणून मला साधे प्रश्न पडतात. मिस्त्री, बाकीच्या होड्या साठच्या वर का?"

"पाणी मुरतं, बाई. हंगाम संपेपर्यंत किलो-दोन किलो मुरतंच. नवा हंगाम लागला की सर परत सारख्या करतात."

"मग तीन दिवस तळाशी पडलेली होडी किती भरायला हवी?"

"या सगळ्यांपेक्षा जास्त," मिस्त्री म्हणाले.

"सर म्हणाले, फोम स्पंजासारखा पाणी प्यायला म्हणून होडी बुडाली. ठीक. मग आज तो फोम कोरडा ठणठणीत कसा? भिंतींना गाळ, फोमला गाळाचा ठिपका नाही. कारण होडी बुडाली तेव्हा तो आत नव्हताच. काल संध्याकाळी होडी शेडमध्ये गेली, त्यानंतर तो भरला. मिस्त्रींची किल्ली माझ्याकडे होती, सर. तुमची?"

सरांचा हात खिशाकडे गेला.

"फोम काढायचा कशाला?" भाच्याने विचारलं.

"दोन भरलेल्या बादल्या काठीच्या दोन टोकांना अडकव आणि गर्रकन वळून बघ. मग त्याच बादल्या हाताजवळ घे. वजन तेवढंच, पण वळणं सोपं. होडीच्या टोकांचा फोम काढला आणि तेवढंच शिसं मधोमध, डोलकाठीच्या बुडाशी ठोकलं. काट्यावर साठच. पण लाटेवर नाक पटकन उचलतं, आणि ती पुढे जाते. शिसं काल रात्री निघालं, पण त्याची चार भोकं तिथे अजून आहेत."

"पण बिल्ला? मी तर शेवटी काढायचो!"

"म्हणूनच. पिशवी मामांच्या हातात. पाचचा बिल्ला मुठीत राहायचा. सात जणांनी काढून घेतलं की मूठ पिशवीत रिकामी. शेवटच्याला दुसरं काय मिळणार? ज्या नियमाचं सगळे कौतुक करायचे, त्यानेच हे जमलं."

भाचा भिंतीला टेकला. "मामा, मी जिंकलेल्या शर्यती..."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"फोमचा ठोकळा झाकणाच्या तोंडातून निघत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "अख्खं कडं काढावं लागतं. ते तुम्ही काढलंत आणि परत बसवताना सिलिकॉन लावलं नाहीत. पाणी तिथून गेलं. आत तरंगायला काहीच नव्हतं. मिस्त्री, ऐकताय ना? झाकणातून थेंब गेला नाही. झाकण घट्ट होतं."

बाई पुन्हा सरांकडे वळल्या.

"काल तुम्ही फोम नुसता कोंबला असतात, तर मी कदाचित घरी गेले असते. पण वीस वर्षांची सवय! काट्याला टांगली असेल, जास्त भरली म्हणून फोम कापत बसला असाल, साठ येईपर्यंत. बुडालेली होडी तुम्ही सगळ्यांत बरोबर करून ठेवलीत. तिथेच माझ्या डोक्यात आलं."

सर शिडांच्या ढिगावर बसले.

"वारा पडलेला होता," सर शेवटी म्हणाले. "वाटलं, एवढ्याशा वाऱ्यात उलटतेय कशाला. एकच तर शर्यत."

मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "सर, तिने तुम्हाला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं. नुसतं नको म्हणायचं होतंत. कारणही नसतं विचारलं तिने, इतका मान देत होती."

"नको म्हटलं असतं, तर सगळ्यांना कळलं असतं की..." सरांचं वाक्य तिथेच राहिलं.

"की होड्या सारख्या नाहीत," बाईंनी ते पुरं केलं. "ती तेवढंच सिद्ध करायला निघाली होती. शिपाई, गाडी आणा."

सरांना नेलं. भाचा खोलीतून हलला नाही. मिस्त्री दारात घुटमळले.

"बाई, एक काम करता? तिच्या आईला तुम्ही सांगाल? माझं ऐकायची नाही ती."

दोघं चालतच गेले. बाईंनी दार वाजवलं, मिस्त्री पायरीखालीच थांबले. दार चार बोटं उघडलं. बाईंनी फोम, शिसं, कडं सगळं सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. आत भिंगरीची आई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

"आणि झाकण?" तिने विचारलं.

"घट्ट होतं. माझ्या शिपायाला दोन्ही हात लावावे लागले."

तिने बाईंच्या खांद्यावरून खाली पाहिलं. नवऱ्याचे कपडे चार दिवसांचे होते, दाढी वाढलेली. तिने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली.

"काही खाल्लंत का?" ती म्हणाली.

मिस्त्री दोन पायऱ्या चढले आणि उंबऱ्यातच मटकन बसले. मग लहान पोरासारखे मोठ्याने रडले. ती खाली बसली आणि तिने त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.