तहानलेली फियाट

फियाट बाहेर काढायची ठरवली ती आर्यासाठी. चौथं लागलं तरी पोरीच्या तोंडून शब्द नव्हता. कान चांगले, जीभ चांगली. बोलायला शिकवणाऱ्या बाई बोरिवलीला होत्या, आणि गर्दीत शिरलं की आर्या कानांवर हात ठेवून थरथरायची. "आपली गाडी असती तर," मी म्हटलं. धनेश म्हणाला, "आहे की. बाबांची."

गाडी होळी गावात, सासरच्या वाडीत होती. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठी, जुन्या गोठ्यात विटांवर चढवलेली. माझे सासरे श्रीपत आमच्या लग्नाआधी गेले, ते याच गाडीत. दवाखान्यात नेताना रेल्वेचं फाटक बंद होतं. ते पाणी मागत राहिले, कोणाजवळ नव्हतं. त्यानंतर गाडीला कोणी हात लावला नाही.

"निजलीय ती," सासूबाई म्हणाल्या. "कशाला उठवता?"

एप्रिलच्या सुट्टीत आम्ही चंदनसारचा फ्लॅट बंद करून तिकडे गेलो. धनेशचा शाळेतला दोस्त मायकल पान्हे घेऊन आला. बॉनेट उघडून हसला.

"धोंडूकाकी, उंदरांनी आत सोसायटी काढलीय. तुमच्यासाठी फ्लॅट बुक करू?"

"तुझ्या बायकोला विचार, मेल्या. तीच तुला घरातून काढनार हाय," सासूबाई घराच्या दारातूनच म्हणाल्या.

टाकीतल्या पेट्रोलला जुन्या रोगणाचा वास येत होता. ते काढलं. कार्बोरेटर धुतला, प्लग घासले, बॅटरी नवी घातली. गाडी खोकली, धूर ओकली आणि सुरू झाली. केळीतले बगळे उडाले.

मग रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. बादलीमागून बादली.

"गाडी आहे की म्हैस?" मायकल गाडीखाली आडवा झाला. माती कोरडी होती. "गळत नाय, उकळत नाय. मग जातं कुठं?"

मी हिशेबी बाई आहे. म्हटलं, कुठेतरी चीर असेल. पुढचा आरसाही खाली कलून मागच्या सीटकडे वळायचा, तिथे आर्या चढून बसली होती. धनेशनं स्क्रू आवळला. वळून पाहिलं तर आरसा पुन्हा तिच्याकडे.

स्क्रूचे आटे गेले असतील.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"पानी."

आर्या बोलली होती! मी दार उघडून तिला उराशी धरलं, रडले, हसले. धनेश तांब्या घेऊन धावत आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला आणि अंगठा नि बोट वरच्या ओठावरून दोन्हीकडे फिरवलं. मिशा पुसाव्यात तसं.

दारातल्या सासूबाई मटकन खाली बसल्या.

मी साताऱ्याची. घरी तांब्याचं चित्र दाखवून रोज 'पाणी, पाणी' घोकून घेत होते. 'पानी' कुठून आलं? "आजीचं ऐकून," धनेश म्हणाला. खरंच. आणखी कुठून येणार?

पण इंजिन बंद केलं की ती गप्प. बोरिवलीच्या बाईंसमोर गप्प, चंदनसारला गप्प. होळीला, चालू गाडीत, 'पानी'. मग 'वाडी'. मग 'फाटक'. मी दर रविवारी तिला तिकडे नेऊ लागले. आठवडाभर माझं मन ताटातही नसायचं, झोपेतही नसायचं.

रात्री तिला थोपटताना सासूबाई गुणगुणायच्या,

बावखलाच्या गं काठी, कोन तहानलं उभं,
माझ्या भरल्या घागरी, त्याला घोट का न लाभं.

"गाडी विकू या, विनया," धनेश एकदा म्हणाला. तो हल्ली गोठ्याकडे फिरकत नव्हता.

"विकू. तिनं एकदा 'आई' म्हणू दे."

त्या रविवारी दुपारी मी पुढे बसून इंजिन चालू ठेवलं. आर्या मागे. आरशातून माझ्याकडे एकटक बघत होती. ऊन पानांतून झिरपत होतं, बावखल हिरवंगार, स्तब्ध. सासूबाई गोठ्यापाशी आल्या. गाडीजवळ त्या पहिल्यांदाच येत होत्या.

आर्याचा चेहरा उजळला.

"धोंडू," ती म्हणाली.

नुसतं 'धोंडू' म्हणणारं या घरात आता कोणी नव्हतं.

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मी लग्न होऊन आल्यापासून तो खांद्यावरच पाहिला होता.

"जी," त्या म्हणाल्या.

तरी मी वळले. आशा वेडी असते.

"आणि मी? मी कोण, बाळा?"

आर्यानं मला निरखून पाहिलं. कपाळ, डोळे, मंगळसूत्र. मग आजीकडे वळून हळूच विचारलं,

"ही कोन?"

इंजिनची घरघर चालली होती. सासूबाईंनी पदर नीट केला, नजर खाली घातली.

"आपल्या धनेसची बायको," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्यावर आनली."