टाकी भरलेली, नळ कोरडा

"मानवजातीच्या इतिहासात 'घर' या शब्दाचा अर्थ आजपासून बदलत आहे," असे गंभीर आवाजात जाहीर करून नाना थोरातांनी नळ उघडला. नळाने दोन घोट पाणी दिले, एक ढेकर दिला आणि तो गप्प बसला.

साल होते २०५१, गाव कऱ्हाड. गाड्या आपल्या आपण चालत, चालता चालता रस्त्याकडूनच वीज घेत. नळ मात्र अजून माणसांनाच बसवावे लागत. नाना म्हणजे निवृत्त शास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांची नात कालिंदी हिने सुट्टीत दुधाच्या एका जुन्या व्हॅनचा कॅम्पर (चाकांवरचे बिऱ्हाड) केला होता. प्लायवूडचा पलंग, शेजारी वीतभर ओटा, पलंगाखाली पाण्याची टाकी, टाकीतून नळी पंपाला आणि पंपातून नळाला. मदतीला मापाड्या होता. हा यंत्रमानव पूर्वी मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा तोलायचा, त्यामुळे वजन केल्याशिवाय तो कशावरही मत देत नसे.

पठारावरून या आठवड्यात धूमकेतू दिसणार होता. तो परत येईल तेव्हा मापाड्या सोडून यांच्यातले कोणीच नसणार. कालिंदीने त्यासाठी आकाशाचे नकाशे पाठ केले होते. पण आईची अट होती. व्हॅनमधल्या नळावर करपलेली कढई घासून निघाली, तरच कालिंदीने आजोबांबरोबर जायचे. चार वाजता कढई घेऊन येते, असे आईने सांगितले होते, आणि कढई करपवायला तिने सुरुवातही केली असावी, असा वास येत होता.

टाकी रिकामी असेल, असे नाना म्हणाले. मापाड्याने टाकीखाली हात घातला.

"माल आहे," तो म्हणाला.

तरी खात्री करावी म्हणून नानांनी टाकीचे झाकण उघडले. टाकी जवळजवळ भरलेली, आणि इकडे नळ खळाळून वाहू लागला. नानांनी समाधानाने झाकण घट्ट फिरवले. थोड्या वेळात नळ पुन्हा गप्प. मग त्यांनी पंपावर संशय घेतला, नंतर गाळणीवर. दर वेळी झाकण उघडून आत डोकावायचे, तेवढ्यापुरते पाणी यायचे, आणि झाकण लागले की जायचे. हा नळ आपली थट्टा करतो आहे, असे नानांचे शास्त्रीय मत झाले.

कालिंदी टॉर्च घेऊन पलंगाखाली पालथी पडली. नळीने सरबत ओढताना माणसाचे गाल आत जातात ना, तशा टाकीच्या बाजू आत गेल्या होत्या.

"नाना, या टाकीत हवा कुठून जाते?"

"कुठूनच नाही," नाना अभिमानाने म्हणाले. "आयुष्यभर उपग्रहांच्या इंधनाच्या टाक्या केल्यात मी. कणभर हवा आत जायची नाही की..." आणि नाना त्या नळासारखेच मध्येच थांबले.

मग त्यांनी एक बाटली घेतली, तळाशी सुईने भोक पाडले आणि पाणी भरून झाकण लावले. धार थांबली. झाकण सैल केले, धार सुरू.

"पाणी बाहेर गेलं की त्याची जागा मोकळी होते," नाना सांगू लागले. "तिथे हवा आली नाही, तर आतला दाब (हवेने सगळीकडून ढकलणं) कमी होतो. बाहेरची हवा मात्र पूर्वीइतक्याच जोराने ढकलते, म्हणून टाकीचे गाल बसतात. शेवटी पंपाने कितीही ओढलं तरी पाणी हलत नाही."

"मग उपग्रहात कसं चालतं?"

"तिथे बाहेर ढकलायला हवाच नसते गं. म्हणून इंधनाला ढकलणारा वायू आम्ही इथूनच भरून पाठवतो. इथे तो फुकट मिळतोय, आणि मी त्यालाच दाराबाहेर उभा केला."

झाकणाला भोक पाडून कालिंदीने त्यात श्वासनळी (हवा ये-जा करायची बारीक नळी) बसवली. हिसक्याने पाणी सांडू नये म्हणून ती टाकीच्या वर उंच नेली, धूळ पडू नये म्हणून तोंड खाली वळवले, डास जाऊ नयेत म्हणून जाळी लावली. मापाड्याने जाळी तोलून पाहिली आणि वजन नगण्य असल्याचे कळवले.

चार वाजता आई आली. कढई तिने मन लावून करपवली होती. ती घासत राहिली, नळ वाहत राहिला. हरकत घ्यायला दुसरे काही सापडते का म्हणून तिने एक खण ओढून पाहिला. तो सुरळीत उघडला.

"जा," ती म्हणाली.

कालिंदीने मापाड्याला मिठी मारली. त्याने तिचे वजन सांगितले. नानांची छाती पुन्हा फुगली. उद्या माणूस मंगळावर वस्ती करील, ते म्हणाले, आणि तिथे पाणी कसे वाहते ठेवायचे हे ज्यांना ठाऊक असेल, त्यांच्यात आमची कालिंदी असेल. लाल मातीवरच्या बिऱ्हाडात आपण नळ बसवतो आहोत, हे कालिंदीला दिसूही लागले.

"बसवा, नाना," आई हात पुसत म्हणाली. "फक्त त्याआधी ही गाडी हातभर पुढे घ्या. माझी स्कूटर अडकलीये."