फाटक्या खिशातला रोटर

खुर्र… खुर्र… खुर्रर्र…

जीप घोगऱ्या गळ्यानं खाकरली आणि गप्प झाली. पुन्हा खाकरली, पुन्हा गप्प.

सन चौऱ्याऐंशीच्या पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीच्या अंगानं गोटमारीचा, दोन्ही काठांवरून चालणाऱ्या दगडफेकीच्या जत्रेचा, गलका येत होता, लाटेसारखा वाढायचा, ओसरायचा. वरून बारीक झिमझिम. पांढुर्ण्याच्या स्टँडवर, कडुनिंबाखाली, सौसरला जाणारी ती एकच जीप उभी होती आणि आत बसलेली माणसं सल्ले देत होती.

"पेट्रोल संपलं असन."

"ब्याटरी गेली, सांगून ठेवतो."

"धक्का मारू काय, मोरेश्वरभाऊ?" हे चिंधूबाबा, कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेले.

मागच्या बाकावरून चंद्रकला उतरली. इथल्या शिवणवर्गात ती शिकवायला यायची; आज मावशीकडची पुरणपोळी खाऊन सौसरला, घरी निघाली होती. बंद पडलेलं काहीही दिसलं की तिची बोटं शिवशिवायची. घड्याळ असो, कुलूप असो… उघडून पाहिल्याशिवाय चैन नसे.

बॉनेटखाली वाकलेल्या ड्रायव्हरजवळ ती जाऊन उभी राहिली.

"एक विचारू काय?"

"विचारा." त्यानं मान वर केली नाही.

"इंजिन फिरून तं राहिलं. मंग चालू काऊन नाही होऊन राहिलं?"

आता त्यानं मान वर केली. पावसाचा एक थेंब त्याच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबत होता, पडू की नको करत.

"फिरते म्हणजे ब्याटरी बरी हाय. चालू व्हाले पेट्रोल लागते, नि ठिणगी लागते. दोघांतलं एक रुसलं असन."

"कोण रुसलं?"

"तेच पाहून राहिलो न, बाई!"

"मंग पाहू न."

थेंब पडला. मोरेश्वर तिच्याकडं पाहतच राहिला. जीप त्याच्या मामाची, यशवंतरावांची. वरुडकडून येऊन तो ती चालवू लागला त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. या दोन महिन्यांत लोकांनी गाडी बंद पडली की शिव्या दिल्या होत्या. 'पाहू' असं कोणी म्हटलं नव्हतं.

त्यानं पेट्रोलची नळी सोडवली, चंद्रकलेला पुढं बसवून इंजिन फिरवायचा सेल्फ कुठं दाबायचा ते दाखवलं. खुर्रर्र! पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली.

"हे नाही रुसलं," ती आतूनच ओरडली.

नळी लावून त्यानं प्लगवरची एक तार काढली, इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. खुर्रर्र… काही नाही. मग ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलकडून येणारी मधली जाड तार काढली.

"थांबा! मले पाहाचं हाय," म्हणत चंद्रकला खाली उतरली. "चिंधूबाबा, तुम्ही दाबा जी सेल्फ."

चिंधूबाबांनी टोपली बाजूला ठेवून असा काही सेल्फ दाबला की कोंबड्याही कलकलल्या. तारेच्या टोकाशी चट्कन एक निळी ठिणगी उडाली. दोघांची डोकी अगदी जवळ आली होती. पावसाचा, पेट्रोलचा आणि तिच्या केसांतल्या शेवंतीचा, तीन वास एकमेकांत मिसळले.

"अगंबाई…" ती हळूच म्हणाली. मग भुवई आकसून विचारात पडली. "आमच्या मशीनचं चाक फिरते, दोरा असते, सुई असते, तरी कधी टाका पडत नाही. तवा आम्ही खालची पट्टी सरकवून पाहतो. बॉबिनच बसवाची राहिली असते. इथी ठिणगी या तारेत हाय, प्लगात नाही. म्हणजे मधातल्या ह्या काळ्या वाटीखाली…"

"डेल्को म्हणतेत त्याले. मीही तेच म्हणून राहिलो होतो."

"म्हटलं तं नाही!"

तो हसला. झाकणाच्या दोन्ही खिटक्या त्यानं सोडवल्या. आत रिकामं.

"रोटर नाही," तो म्हणाला. "अंगठ्याएवढा असते. तो मधात फिरते नि एकेका प्लगले ठिणगी वाटते. मामानंच काढून नेला असन. जत्रेच्या गर्दीत कोणी गाडी पळवू नये म्हणून. मले सांगाचं तं!"

मामा गेले होते नदीपार, सावरगावच्या काठावर गोटमार पाहायला. आता ते येईपर्यंत जीप हलणार नव्हती. चहा आला. निंबाच्या पारावर दोघं बसली, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

नदीकडून पुन्हा गलका उठला.

"तुमची पहिलीच गोटमार न ही? पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी नेली म्हणतेत, नि नदीच्या मधात दोहीकडून गोटे पडले," ती म्हणाली. "मले लहानपणापासून एकच गोष्ट पाहिजे. त्यानं तिले विचारलं असन काय? का मनातल्या मनातच ठरवून उचलली?"

"विचारलंच असन."

"कोणी सांगत नाही. गोट्यांचं सांगतेत, नदीत रोवलेल्या झेंड्याचं सांगतेत. ते एवढंसं कोणाले माहीतच नाही."

मोरेश्वरनं चहाचा घोट घेतला. मग संत्र्याच्या भावाचं बोलायला लागला.

मामा आले तेव्हा पावसातच उन्हाची तिरीप पडली होती. रोटर बसला आणि जीप पहिल्याच दमात गुरगुरली.

त्यानंतर चंद्रकलेची जागा ठरून गेली. आरशात बरोबर दिसेल अशी. वर्गाच्या दिवशी जीप स्टँडवरच, शिवणवर्गासमोरच्या त्याच कडुनिंबाखाली उभी करून तो रोटर काढायचा आणि तिच्या तळहातावर ठेवायचा.

"मह्या खिशाले भोक हाय. पडून जाईन."

"शर्ट आणा न. दोन टाक्यांचं काम."

"नको… भोक असू द्या."

वर्गातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मशीनच्या पायपट्टीच्या तालावर मग कोणीतरी सूर धरायची, आणि चंद्रकलेच्याच ओठी शब्द यायचे –

निळी ठिणगी उडाली काळ्या तारेच्या गं टोका,
कोणी सांगा ना बायांनो, कसा चुकला गं ठोका…

सगळी जीप त्याला भाऊ म्हणायची. ती काहीच म्हणत नसे. 'अहो, थांबा' नाहीतर 'ऐकता काय?' एवढंच. हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो बोलायचाही पुष्कळ. रामाकोन्याच्या रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल, संत्र्याच्या भावाबद्दल, तिगावच्या फाटकावर गाडी किती वेळ अडते त्याबद्दल. बोलता बोलता मध्येच थांबायचा, आरशात पाहायचा. आता विचारणार, असं तिला वाटायचं… आणि तो गियर बदलायचा.

संत्र्याच्या पेट्या भरायला लागल्या नि एका दुपारी चिंधूबाबांनीच बातमी सांगितली. यशवंतरावांनी जीप नागपूरच्या संत्रावाल्याकडं भाड्यानं लावली. उद्यापासून गाडी तिकडं, भाऊही तिकडंच. आजची ही शेवटची फेरी.

चंद्रकलेनं मूठ घट्ट मिटली. मुठीत रोटर होता.

मोरेश्वर आला. रोजच्यासारखा हात पुढं केला नाही, कुणाकडं पाहिलंही नाही. स्टिअरिंगच्या चाकापाशी बसला आणि सेल्फ मारला.

खुर्र… खुर्रर्र…

"झालं हिचं रडगाणं सुरू!" चिंधूबाबा म्हणाले. "पेट्रोल पाहा, भाऊ."

खुर्रर्र… आणि एकदम त्याचा हात थांबला. आरशात पाहिलं. चंद्रकला बाहेर कडुनिंबाकडं बघत होती, झाड जणू आजच उगवलं होतं.

तो उतरला, बॉनेट उघडलं. तीही उतरली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"तुम्हाले माहीत हाय."

"मले काय माहीत! पाहा न, एकेक करून. लोक पाहून राहिले."

खरंच सगळे वाकून पाहत होते. मग त्यानं एकेक करत प्लगच्या साऱ्या तारा उपटल्या, उगाच फुंकल्या, शर्टाला पुसल्या. ती शेजारी वाकली. आवाज उतरवून म्हणाली,

"मी सांगू काय बिमारी? सेल्फ तं रोजच मारता तुम्ही. खड्डे, संत्रे, फाटक. ब्याटरी बरी हाय म्हणजे. ठिणगी… तीही हाय. आरशात दिसते मले. मंग मधात काय नाही हो? उद्या तं गाडी चालली तुमची…"

त्याच्या हातातली तार तशीच राहिली. निंबाचं एक पिवळं पान इंजिनावर पडलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

"रोटर तुमच्यापाशी हाय," तो म्हणाला.

"मागा न मंग."

"रोटर नाही मागून राहिलो."

"मंग?"

"तुम्हाले… तुम्हाले मागून राहिलो."

तिनं मान हलवली. नाही म्हणून. मोरेश्वरचा चेहरा पांढरा पडला.

"मले मागू नका," ती म्हणाली. "मी काय खिशात ठेवाची वस्तू हाओ? मले विचारा."

जीपमधून कोंबडी कुकारली. चिंधूबाबांनी तिचं तोंड हातानं दाबलं. त्यांनाही ऐकायचं होतं.

मोरेश्वरनं हात शर्टाला पुसले. ओठ ओले केले. एकदा खुर्र झालं, एकदा गप्प झालं… आणि मग –

"चंद्रकला," त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली, "मह्यासंगं संसार करशीन काय? नाही म्हटलं तरी सौसरले नीट पोचवीन. पण… विचारून राहिलो."

तिनं मूठ उघडली. रोटर तिच्या हाताच्या उबेनं कोमट झाला होता.

"हो," ती म्हणाली. "रविवारी नागपूरहून गाडी धरून या, मामाले घेऊन. बाबा घरीच असतेत. नि तो शर्ट ठेवून जा माह्यापाशी. आता खिसा शिवाले हरकत नाही."

त्यानं घाईघाईनं रोटर बसवला, झाकण लावलं, तारा खोचल्या, उडी मारून चाकापाशी गेला आणि सेल्फ मारला.

खुर्र… फट्!

धुराचा गोळा उडाला, कोंबड्या उडाल्या, आणि चंद्रकला पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"मी नाही जी केलं काही या वेळेस! तारा अदलाबदल लावल्या तुम्ही!"

"आता तरी धक्का मारू काय?" चिंधूबाबांनी विचारलं.

"बसा जी निवांत," ती म्हणाली आणि बाह्या सारून बॉनेटखाली वाकली. "पाहू न."