गळालेलं कडं

“भीती असते तोवरच ओझं वाहतात, पोरी. भीती सरली की वाटेतच टाकून पळतात.” तरुणपणी ऐकलेला गुरूंचा आवाज. हैदराबादच्या प्रयोगशाळेची पायरी चढताना निवृत्त जंतुतज्ज्ञ अनसूयागारूंना तो आठवला.

आत प्रयोगशाळेचे प्रमुख भास्करम सार येरझारा घालत होते. आदल्या दिवशी न्यायालयाच्या समितीसमोर त्यांची फजिती झाली होती. औषध कारखान्याच्या सांडपाण्यामुळे तलावात औषधाला न जुमानणारे जंतू माजलेत, हे ते दाखवणार होते. जंतू औषधात घातले. सगळे मेले.

“कारखानेवाल्यांनी कुपी बदलली!” ते म्हणाले.

“नाही. काल तुम्ही पाठवलेली कुपी मी तपासली,” अनसूयागारू म्हणाल्या. “ जंतू तेच आहेत, धडधाकट. फक्त त्यांच्या पोटातलं कडं गेलंय.”

कडं म्हणजे प्लास्मिड, जनुकांचं छोटं वेटोळं. औषधाला तोंड द्यायची विद्या त्यातच गुंफलेली.

जंतूंचं खाद्य शिजवणारा येल्लय्या पुढे आला. “अम्मा, माझंच चुकलं असेल. खाद्यात थोडं औषध घालावं लागतं. खाद्य कढत असताना ते पडलं, तर औषधच मरतं.”

“औषध तू घालतोस?”

“छे! मी आचारी. मीठमसाला प्रणीताम्माचा.”

सारांची विद्यार्थिनी प्रणीता हसली नाही.

“औषध घालतेस ना?”

“दर वेळी, अम्मा. खाद्य निवल्यावर.”

“कुठलं?”

“फ्रीजरमधलं. एकच कुपी आहे.”

अनसूयागारूंनी फ्रीजर उघडला. चंदेरी कागदातल्या कुपीवर बर्फाची दाट साय. ती नखाने खरवडली. खालचं सील शाबूत होतं.

“कढत खाद्यात नाही, निवलेल्यातही नाही. औषध पडलंच नाही,” त्या म्हणाल्या. “औषधाचा धाक असला की कडंवालेच जगतात. धाक नसला की कडं नुसतं ओझं. ज्यांचं गळतं ते हलके होतात, भराभर वाढतात, बाकीच्यांना मागे टाकतात. प्रणीता, तू त्यांना बिनऔषधाच्या खाद्यात पुन्हापुन्हा वाढवलंस, बिनकड्याचे निवडलेस आणि साठ्याच्या कुप्याही त्यांनीच भरल्यास.”

“मारूनच का नाही टाकलेस?” येल्लय्या पुटपुटला.

“मेले असते तर सार म्हणाले असते, अपघात. हरवले असते तर म्हणाले असते, चोरी.” प्रणीताचा आवाज थंड होता. “मला ते जिवंत हवे होते. सगळ्यांसमोर सारांना खोटं पाडायला.”

“कृतघ्न!” सार ओरडले. “हातात धरून शिकवलं तुला!”

“आणि तलावकाठची माणसं?” अनसूयागारूंनी विचारलं. “त्यांचा पुरावा बुडवलास, बाळा. त्यांनी तुझं काय बिघडवलं होतं?”

प्रणीताने सारांकडे पाहिलं. सारांनी मान फिरवली.

“त्यांचा पुरावा घेतलाच नाही कुणी. तलावाचं पाणी अजून तिथंच आहे, उद्या जाऊन भरून आणा.” तिने सारांकडे बोट केलं. “हे जंतू तलावातले नव्हतेच, अम्मा. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या जखमेतले होते. त्याला कुठलं औषध लागू पडेल ते शोधा म्हणून मीच सारांच्या हातात दिले. सारांनी शोधलं नाही. अण्णा गेला, आणि यांनी कुपीवर तलावाचं नाव चिकटवलं.”