उन्हात ठेवलेल्या तीन बॅटऱ्या

तीन बॅटऱ्या. एकाच मापाच्या, एकाच चादरीवर, कुरडयांच्या शेजारी उन्हात पडलेल्या. दुपारी उचलल्या तर लाल बॅटरीचं पोट फुगलेलं, तरी कॅमेऱ्यात घातली की कॅमेरा दाखवतो, ‘पूर्ण भरली आहे’. निळी दिसायला ठणठणीत, पण कॅमेऱ्यात अगदी मेल्यासारखी गप्प. तिसरी, काळी आणि जुनी, सांगते, ‘थोडीच उरलीय’. सांगा बरं, यातल्या कुठल्या बॅटरीवर विश्वास ठेवाल?

आमच्या रुजूला ते ठरवता येईना आणि तिचे डोळे भरून आले. कारण सांगते. रुजूची आई, म्हणजे माझी सून शर्मिष्ठा, अंतराळ स्थानकावर (पृथ्वीभोवती फिरणारं माणसांचं घर) कामाला आहे. अख्ख्या तालुक्यात अशी सून कुणाची असेल तर आणून दाखवा! दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गच्चीवरून बघितलं तर ते स्थानक बरोबर सूर्यासमोरून जाणार होतं. पापणी लवेपर्यंत खेळ खलास. पुन्हा असा योग आमच्या गावावर येईल तोवर शर्मिष्ठा खाली उतरलेली असेल. आणि रुजूने आईला शब्द दिला होता, “तुझा फोटो मी काढणार, तुझ्याच कॅमेऱ्याने.”

आता बॅटऱ्या उन्हात कशाला, असं विचाराल. आमच्या घरात जे टिकवायचं त्याला ऊन दाखवतात. डाळी, मिरच्या, गोधड्या, सगळ्याला. उद्या बॅटऱ्यांनी दगा देऊ नये म्हणून पोरीने त्यांनाही ऊन दाखवलं!

“आजी, कुठली घालू गं?”

“काळी घाल. ती कॅमेऱ्याच्या कंपनीची, असली. बाकीच्या दोन तुझ्या काकाने आणल्यात, दुसऱ्याच कुणी बनवलेल्या. नकली त्या नकली.”

माझा धाकटा, प्रल्हाद, लगेच फणफणला. “नकली काय, आई? कंपनीने या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बनवणंच बंद केलंय. आणि लालवर किती वीज मावते तो आकडा बघ, असलीच्या दुप्पट!”

“आकडा छापायला काय लागतं? शाई!”

आमचं भांडण रंगलं तशी रुजू पळाली ती थेट शाळेत. तालुक्याच्या विज्ञान केंद्राचा यंत्रमानव शोधन तिथे आला होता. त्याला हाताला धरूनच घेऊन आली.

शोधनने आधी लाल बॅटरी अलगद उचलली, कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवली आणि घमेलं अंगणात लांब नेऊन ठेवलं. “हिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला मुळीच लावायचं नाही. जाताना मी हिला ई-कचरा केंद्रात देईन.”

“भाकरी फुगली तर चांगली आणि ही फुगली तर वाईट होय रे?” मी विचारलं.

“भाकरीत वाफ असते, आजी, ती निघून जाते. इथे उष्णतेने आतलं रसायन मोडलं आणि त्याचा वायू झाला. तो आत कोंडलाय आणि पेटूही शकतो.”

“मग ही भरलेली आहे असं का सांगते?” रुजूने विचारलं.

शोधनच्या छातीवरच्या पडद्यावर चित्र उमटलं. दोन पातळ थर, मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. “लिथियमचे आयन (विजेचा भार असलेले अतिसूक्ष्म कण) चार्ज करताना या थरातून त्या थरात जातात. कॅमेरा चालू केला की परत येतात. किती तिकडे गेले, किती परतले, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून चांगल्या बॅटरीत चिप (हिशेब ठेवणारा इवलासा मेंदू) असते. ती कॅमेऱ्याला खबर देते. लाल बॅटरीत मोजणारं कुणीच नाही. एकच उत्तर कायमचं भरून ठेवलंय.”

“पाढा विचारला तरी ‘हजर’ म्हणणारं पोर!” मी म्हटलं. प्रल्हाद चपलांकडे बघायला लागला.

“आणि निळी? ती तर बोलतच नाही,” रुजू म्हणाली.

“तिच्यात उष्णता-संरक्षण आहे (फार तापल्यावर आपोआप वीज तोडणारी सोय). ती मेली नाही, तिने दार लावून घेतलंय. थंड होऊ द्या.”

“फ्रीजमध्ये ठेवू?”

“नको, दव धरेल. घरातली सावली पुरे.”

आणि खरंच, निवल्यावर निळी बोलायला लागली. पण रुजू माझी नात! तिने लगेच विचारलं, “हिच्यावरही आकडा छापलाय. तो खरा कशावरून?”

“वा! कसं शोधशील?” शोधनने उलट तिलाच विचारलं.

रुजूने जरा विचार केला. मग दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या आणि एकेक घालून कॅमेऱ्यावर चित्रीकरण सुरू ठेवलं. काळी होती तोवर माझी कुरडयांची एक चादर आवरली, आणि ती संपली. निळी घातली, तर उरलेल्या सगळ्या चादरी आवरल्या, डबे भरून झाले, तरी कॅमेरा सुरूच.

“असली असून अशी कशी?” मला काही पटेना.

“काळी खरं सांगते, पण आयनांची ये-जा होऊन होऊन तिचे थर थकलेत. म्हातारपण असलीलाही चुकत नाही, आजी.”

“माझ्याकडे बघून बोलू नकोस!”

शोधन हसल्यासारखा लुकलुकला. “दुसऱ्याने बनवली म्हणून बॅटरी वाईट होत नाही. कुणी बनवली, सुरक्षेची खूण आहे का, ते बघायचं. आणि मग रुजूसारखी परीक्षा घ्यायची.”

सकाळी निळी पुन्हा भरून कॅमेऱ्यात गेली, काळी रुजूच्या खिशात. लेन्सवर सूर्यगाळणी (सूर्याचा प्रखर उजेड अडवणारी काच) लावली, कारण सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी कधीच बघायचं नसतं. कॅमेरा तापू नये म्हणून मी त्याच्यावर छत्री धरली. माझ्या डोक्यावर ऊन, त्याच्यावर सावली!

“आता!” घड्याळ बघत प्रल्हाद ओरडला. कॅमेरा कटकटकट वाजला आणि थांबला.

रुजूने फोटो मोठा केला. पिवळ्या थाळीवर एक इवलीशी काळी आकृती, दोन्ही बाजूंना पंख पसरलेली.

“आई,” एवढंच ती म्हणाली, आणि त्या काळ्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं.

संध्याकाळी वरून शर्मिष्ठाचा फोन आला. रुजूने पाठवलेला फोटो तिने मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. मग म्हणाली, “रुजू, आम्ही पृथ्वीच्या सावलीत गेलो की बॅटऱ्यांवरच जगतो. त्यांना सांभाळणं हेच माझं काम.”

“मग त्यांची परीक्षा कशी घेतेस गं?”

शर्मिष्ठा सांगायला लागली आणि रुजू फोनला चिकटून बसली. मी प्रल्हादला म्हटलं, “तू वाढून घे. या दोघींचं आता लवकर संपत नाही.”