‘मोकळा’कडे जाणारा बाण

सांडोरच्या चर्चच्या हॉलसाठी बुकिंगचं ॲप फुकट करून द्यायला रोवेना तयार झाली, ती काही सेवाभावाने नव्हे. दर रविवारी मिस्सा संपली की आईच्या मैत्रिणी एकेक स्थळ घेऊन दाराशीच उभ्या असायच्या. त्यांच्यापासून दोन तास सुटका — हा तिचा निव्वळ नफा.

ॲपचा आराखडा काढायला धर्मशिक्षणाच्या वर्गात फळ्यापाशी गेली, तर तिथे आधीच एक जण खडू घेऊन उभा. ऑगस्टीन. हॉल सांभाळणाऱ्या आलोशियस अंकलनी हेच काम त्यालाही देऊन ठेवलं होतं, आणि विसरले होते.

तिने उभ्या रेघा ओढल्या : लग्नघरचे लोक, ॲप, अंकल. एकाने दुसऱ्याला विचारलं की सरळ बाण. उत्तर परत येताना तुटक. त्याने शेजारी हॉलच्या स्थितीचे चौकोन काढले : मोकळा, राखीव, पक्का; एकातून दुसऱ्याकडे बाण.

“तुझ्या चित्रात सगळे नुसते बोलतायत,” तो म्हणाला. “हॉलचं काय झालं, ते कळतंय कुठे?”

“आणि तुझ्यात माणसंच नाहीत! हॉल काय स्वतःच लग्न करणार?”

“राखीव ठेवला की सात दिवस. उत्तर नाही आलं, की परत मोकळा.” त्याने बाण मागे वळवला.

“सातच? आमच्याकडे साडी ठरवायला महिना लागतो.”

“कोणाच्या लग्नाची?”

“...खडू दे इकडे.”

असे सहा रविवार गेले. त्याच्या नाकावर खडू लागायचा. ती सांगायची नाही. बघायला मिळत होतं ना!

सातव्या रविवारी तो म्हणाला, “मंगळवारी निघतोय. डब्लिनला... तीन वर्षं.” मग त्याने चौकोन नाही, तिच्यासारख्या दोन उभ्या रेघा ओढल्या. वर दोघांची नावं. आपल्याकडून तिच्याकडे एक सरळ बाण. खाली तुटक बाणाची जागा रिकामी.

रोवेनाने तिथे काहीच काढलं नाही. ती त्याच्या चौकोनांपाशी गेली आणि ‘राखीव’कडून ‘मोकळा’कडे जाणारा बाण तळहाताने पुसून टाकला. ‘पक्का’कडे जाणारा तेवढा ठेवला.

“आणि सात दिवस?” त्याने विचारलं.

“नियम तुझा होता. चुकीचा होता.”

ॲप कधी झालंच नाही. फळा गेला, पांढरा बोर्ड आला. अंकलची बुकिंगची वही मात्र तीच, आणि तिच्यात एका डिसेंबरच्या पानावर दोघांची नावं आहेत. आता लेकीला त्या वर्गात सोडताना रोवेनाचा तळहात उगाचच पदरावर पुसला जातो.

आणि या सगळ्याची किंमत? ती भरली तिच्या आईने. तीन वर्षं, दर रविवारी, मिस्सानंतर त्याच मैत्रिणींना स्वतःच्या खर्चाने चहा पाजत बिचारी सांगत राहिली — “नाही गं बाई, आमची राखीव आहे.”